वसईचा रणसंग्राम आणि मंदिरांतील घंटा

श्रीक्षेत्र परळी येथील प्रभू वैजनाथाच्या मंदिराचा जीर्णोद्धार पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांनी केला, हे बीड जिल्ह्यातील आबालवृद्धांस ठाऊक आहे. त्यांचे सासरे सुभेदार मल्हारराव होळकर ज्या वसईच्या संग्रामात लढले, त्याच्या खुणा महाराष्ट्रातील काही मंदिरांत आजही पाहावयास मिळतात.

वसईचे ठाणे इ. स. १५३४ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेले. तीन बाजूंनी समुद्र व दलदल, चौथ्या बाजूस भक्कम तट, अशी या बंदराची रचना होती. इ. स. १७३७ मध्ये श्रीमंत चिमाजी अप्पांनी साष्टीची मोहीम आरंभिली व त्याच वर्षी ठाणे जिंकले. वसई मात्र दोन वर्षे दाद देईना. समुद्रमार्गे रसद पोहोचत असेतोवर केवळ जमिनीवरील मोर्चांनी असे ठाणे नमत नाही. म्हणून फेब्रुवारी १७३९ मध्ये वेढा आवळला गेला, तेव्हा मानाजी आंग्रे यांच्या आरमाराने खाडीचे तोंड रोखून धरले. इकडे मावळे दलदलीतून मोर्चे पुढे सरकवीत तटाखाली सुरुंग खणीत होते. मे महिन्यात सुरुंग उडाले, बुरूज ढासळला. परंतु त्या स्फोटांत व तटावरील माऱ्यात आपलेही असंख्य वीर धारातीर्थी पडले.

अखेर १६ मे १७३९ रोजी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. एवढी हानी सोसूनही अप्पांनी सूड घेतला नाही. शत्रूस बायकामुलांसह व चीजवस्तूंसह सुखरूप जाऊ दिले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस स्वधर्म पाळण्याची मोकळीक दिली.

या विजयानंतर तेथील चर्चमधील मोठ्या घंटा मराठी सरदारांनी ठिकठिकाणच्या देवालयांत अर्पण केल्या. भीमाशंकर, वाईजवळील मेणवली व नाशिकचे नारोशंकर मंदिर येथील घंटा प्रसिद्ध आहेत. नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हे साल कोरलेले आहे. ते मंदिर १७४७ मध्ये उभे राहिले.

वैजनाथाचे दर्शन घेऊन अनेक भाविक पुढे भीमाशंकरास जातात. त्यांनी ही घंटा अवश्य पाहावी. तिच्या नादात विजयाचा आनंद आहे, तसेच वसईच्या दलदलीत देह ठेवणाऱ्या अनाम वीरांचे स्मरण व पराभूतास दिलेले अभयही आहे. देवापुढे हात जोडताना या तिन्हींची आठवण ठेवावी.