तळ्याकाठचे घर आणि त्याचा हिशेब

मंडळी, हा धडा एका हिशेबाचा आहे. वही आणि पेन्सिल जवळ घेऊन बसा.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स नावाचे राज्य आहे. तिथल्या काँकर्ड गावी १८१७ साली हेन्री डेव्हिड थोरो जन्मला. बापाचा धंदा पेन्सिली करण्याचा. मुलगा हार्वर्डच्या कॉलेजात शिकला. पण पैसा आणि मानमरातब यांत त्याचे मन रमेना. लोक जन्मभर राबतात ते कशासाठी, हे त्याला स्वतः जगून पाहायचे होते.

गावाजवळ वॉल्डन नावाचे तळे आहे. तिथली जमीन त्याचा मित्र एमर्सन याची होती. हा एमर्सन मोठा विचारवंत. माणसाने जगाच्या बोलण्यापेक्षा आपल्या मनाचा कौल ऐकावा, असे तो सांगे. थोरोने ते करून पाहिले.

मार्च १८४५ मध्ये त्याने एक कुऱ्हाड उसनी आणली आणि झाडे तोडायला लागला. परत देताना ती आणल्यापेक्षा जास्त धारदार करून दिली, बरं का! उसनवारी असावी तर अशी. रेल्वेवरच्या एका मजुराची जुनी झोपडी विकत घेऊन तिच्या फळ्या वापरल्या. घर झाले १५ फूट लांब आणि १० फूट रुंद. ४ जुलैला तो राहायला गेला. आत एक पलंग, एक टेबल, लिहायचे एक मेज आणि तीन खुर्च्या.

घराला खर्च आला २८ डॉलर साडेबारा सेंट. डॉलर म्हणजे तिकडचा रुपया. त्याचे १०० सेंट होतात. खिळे, चुना, दाराची कडी, सगळ्यांचे पैसे त्याने वेगवेगळे लिहिले. अर्धा सेंटसुद्धा सोडला नाही. त्याच काळी कॉलेजातले विद्यार्थी याहून थोड्याच मोठ्या खोलीला वर्षाचे ३० डॉलर भाडे भरत होते.

अडीच एकरांत त्याने मुख्यतः घेवडा लावला. उत्पन्न २३ डॉलर ४४ सेंट. खर्च १४ डॉलर साडेबाहत्तर सेंट. शिल्लक किती? वजाबाकी तुम्हीच करा.

थोरोचे म्हणणे असे की, वस्तूची किंमत आयुष्याच्या दिवसांत मोजावी. जवळचे फिचबर्ग गाव ३० मैलांवर होते. आगगाडीचे भाडे ९० सेंट, म्हणजे जवळजवळ दिवसाची मजुरी. तो म्हणे, मी आत्ता पायी निघालो तर रात्रीपर्यंत पोचतो. तुम्ही आधी भाडे कमवाल, मग पोचाल! आज एस.टी.ला एवढे पैसे पडत नाहीत. तेव्हा पायी जा असे काही आम्ही सांगणार नाही. पण मोजायची रीत घ्या.

समजा, लेकीच्या लग्नात मंडप, बँड आणि मानपान यांसाठी ६०,००० रुपये कर्ज काढले. समजा, मजुरी दिवसाला ४०० रुपये. म्हणजे १५० दिवसांची मजुरी गेली. व्याज वेगळेच. पाहुणे एका दिवसात जेवून गेले. बाप मात्र एकही खाडा न करता पाच महिने राबणार, आणि तेवढे दिवस घरात खायचे काय? लग्न करू नका असे कोण म्हणतो? पण त्यातले लेकीच्या सुखासाठी किती आणि चार लोक नावे ठेवतील या भीतीपोटी किती, हे कर्ज काढण्याआधी घरच्या बाईमाणसाला विचारून लिहून काढा.

थोरोला देव मानू नका. तो एकटा जीव होता. ना बायको, ना पोर. आईचे घर चालत जाण्याच्या अंतरावर होते आणि तिथे तो जेवायलाही जाई. ज्याच्या घरी दोन वेळ चूल पेटत नाही त्याला ‘साधे राहा’ म्हणणे ही त्याची थट्टा आहे. थोरोने थोडक्यात राहणे आपखुशीने पत्करले होते.

त्याचा एक फायदा मात्र झाला. तिकडे तेव्हा माणसे गुलाम म्हणून विकली जात. असे चालू देणाऱ्या सरकारला कर देणार नाही, असे तो म्हणाला. १८४६ साली एक रात्र तुरुंगात राहिला. जप्त करायला त्याच्याकडे होतेच काय? पुढे त्यावर त्याने निबंध लिहिला. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत तो वाचला आणि १९०७ साली आपल्या ‘इंडियन ओपिनियन’ पत्रातून लोकांना सांगितला.

सप्टेंबर १८४७ मध्ये थोरो ते घर सोडून गावात परतला.

आता वहीच्या नव्या पानावर आजची तारीख घाला. दुकानातून उधार काय आणले ते आपल्या हाताने लिहा. महिनाअखेर दुकानदाराच्या वहीशी ताडून पाहा.

वजाबाकीचे उत्तर : ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट.