समृद्धी महामार्ग आणि आमचे खाचर



या वेळी गुरुजींनी आम्हा चौथीच्या मुलांना ‘देशाची मोठी कामे’ हा विषय दिला. कोणी भाक्रा धरण घेतले, कोणी कोकण रेल्वे घेतली. मी समृद्धी महामार्ग घेतला. तो आपल्या इगतपुरी तालुक्यातून जातो आणि त्यात आमचे २० गुंठ्यांचे खाचर गेले आहे. म्हणून मला पुस्तकातून थोडी आणि घरातून पुष्कळ माहिती मिळाली.

आधी दोन अवघड शब्द सांगते. पहिला शब्द पायाभूत सुविधा. घर बांधताना आधी जोते घालतात. जोत्यावर कोणी राहत नाही, पण ते नसेल तर भिंत उभी राहत नाही. रस्ते, रेल्वे, धरणे, वीज, बंदरे ही देशाची जोती आहेत. दुसरा शब्द गुंतवणूक. आमची आजी भात झोडल्यावर त्यातले टपोरे भात बियाण्यासाठी वेगळे काढते. पाहुणे आले, घरातला तांदूळ संपला, तरी त्याला हात लावू देत नाही. आज न खाता पुढच्या सालासाठी मातीत घालायचे, ती गुंतवणूक. पाऊस आला नाही तर बियाणेही जाते. म्हणजे गुंतवणुकीत धोका असतोच.

भारत हा विकसनशील देश आहे. अशा देशात करायची कामे फार आणि हातात पैसा कमी असतो. म्हणून सरकार बँकांकडून कर्ज काढून मोठी कामे करते आणि मग ते फेडते.

आता रस्त्याची माहिती. समृद्धी महामार्ग नागपूरहून निघतो आणि ठाणे जिल्ह्यात भिवंडीजवळ आमणे येथे संपतो. तो १० जिल्ह्यांतून जातो. नाशिक जिल्ह्यात तो सिन्नर आणि इगतपुरी या दोन तालुक्यांत आहे. तो एकदम सुरू झाला नाही. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर सुरू झाला. मे २०२३ मध्ये शिर्डी ते भरवीर ८० किलोमीटर, मार्च २०२४ मध्ये भरवीर ते इगतपुरी २५ किलोमीटर आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे ७६ किलोमीटर. बेरीज करून पाहा, बरोबर ७०१ येते. मी दोनदा केली.

शेवटचा टप्पा सगळ्यात अवघड होता, कारण मध्ये सह्याद्री आहे. तिथे सुमारे ८ किलोमीटरचे जोडबोगदे खोदले आहेत, एक जायला आणि एक यायला. ताशी ८० किलोमीटर वेगाने गेले तर ८ किलोमीटरला ६ मिनिटे लागतात. जुन्या कसारा घाटात एक ट्रक बंद पडला तरी मागे रांग लागते, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे.

या सगळ्याला सुमारे ६१,००० कोटी रुपये लागले. एक कोटी म्हणजे एकावर सात शून्ये. तर ही संख्या म्हणजे ६१ वर दहा शून्ये. एवढी मोठी संख्या आमच्या गणितात नाही. ७०१ ने भागल्यावर एका किलोमीटरला सुमारे ८७ कोटी रुपये येतात. (भागाकाराला वडिलांनी मदत केली.)

हे पैसे परत कसे येणार? टोलमधून. २०२२ साली मोटारीला एका किलोमीटरला १ रुपया ७३ पैसे टोल होता, पुढे तो वाढला. जुन्या दरानेही ७०१ किलोमीटरचे १,२१२ रुपये ७३ पैसे होतात. रस्त्यावर गाड्या जास्त आल्या तर कर्ज लवकर फिटेल, कमी आल्या तर उशिरा.

गुरुजींनी सांगितले की आपल्या भागात मोठी कामे नवीन नाहीत. १८६५ साली कसारा घाट चढून रेल्वे इगतपुरीला आली. ती बांधणाऱ्या कंपनीचा पैसा इंग्लंडमधला होता. कंपनीला शेकडा ५ टक्के व्याजाची हमी दिलेली होती. नफा कमी पडला तर बाकीचे व्याज इथल्या लोकांच्या करातून द्यायचे. हे ऐकून वर्गात सगळे गप्प झाले. मला वाटते, असे असेल तर धोका कंपनीचा नव्हताच, आपलाच होता.

मग १९१६ साली दारणा धरण झाले. त्याचे पाणी नांदूर मध्यमेश्वरला जाते आणि तिथून कालव्याने निफाड, कोपरगावकडे. वैतरणेचे पाणी मुंबईला जाते. पाऊस आमच्या तालुक्यात पडतो, जमीनही आमच्या तालुक्यातली बुडते. आबा म्हणतात, “पाणी खाली पळतं, आता रस्ताबी पळतोय.”

आता जमिनीचे सांगते. सपाटीवर हा महामार्ग १२० मीटर रुंद धरला आहे. १ किलोमीटर म्हणजे १,००० मीटर. १,००० गुणिले १२० म्हणजे १,२०,००० चौरस मीटर, म्हणजे १२ हेक्टर. एकरात सांगायचे तर जवळजवळ ३० एकर. एका किलोमीटरला ३० एकर! सुरुवातीला लोकांनी खूप विरोध केला. २०१७ साली सिन्नर तालुक्यातल्या शिवडे गावचा विरोध सगळीकडे गाजला होता. आधी जमीन घेऊन बदल्यात विकसित प्लॉट द्यायची योजना होती, ती पुष्कळांना नको होती. मग थेट खरेदी सुरू झाली. संमतीने देणाऱ्याला सरकारी दराच्या पाचपटीपर्यंत पैसे मिळाले.

आमचे खाचर गेले तेव्हा मी रांगत होते. सातबारावर आत्यांचीही नावे होती, म्हणून दोन्ही आत्या सहीला आल्या. थोरली आत्या म्हणाली, “मला पैसे नको, दिवाळीला माहेरचा तांदूळ तेवढा देत जा.” पैशातून घरावर स्लॅब पडला, काकांनी पिकअप घेतली, उरलेले बँकेत ठेवले. त्या खाचरात साधारण १२ पोती भात व्हायचे. उरलेल्या वावरात आता घरापुरतेच होते. आत्याचा तांदूळ आई घोटीच्या बाजारातून विकत आणते आणि तिला पाठवते. आत्याला ते ठाऊक आहे, पण ती काही बोलत नाही.

काकांचे म्हणणे असे की जमीन दिली ते बरे झाले. ते पिकअपमध्ये टोमॅटो आणि वांगी घालून भरवीरजवळ महामार्गावर चढतात आणि घाटात न अडकता ठाण्याकडे जातात. माल सुकत नाही, भाव दोन पैसे जास्त मिळतो. आबांचे म्हणणे वेगळे. पिकअप दहा वर्षांनी भंगारात जाईल, खाचर गेले नसते. मला दोघांचेही खरे वाटते. आजी म्हणते, “दोघंबी आधी जेवा.”

एक गोष्ट मात्र मला विचित्र वाटते. या महामार्गावर सायकल, मोटारसायकल, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांना बंदी आहे. वेगाच्या रस्त्यावर ती हवीच, नाहीतर अपघात होतील. पण आमच्या आळीत ज्यांची जमीन गेली त्यांतल्या फक्त दोघांकडे चारचाकी आहे. बाकीचे पुलाखालून बैल घेऊन पलीकडच्या वावरात जातात आणि वरून गाड्यांचा नुसता आवाज ऐकतात.

आणखी एक लिहायलाच पाहिजे. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यात सरळांबे येथे पुलाचे काम चालू असताना अवजड यंत्र कोसळले आणि २० जणांचा जीव गेला. त्यांतले पुष्कळ जण दूरच्या राज्यांतून कामाला आलेले होते. खर्चाच्या आकड्यात सिमेंट, लोखंड, जमीन सगळे धरतात. हे कुठे धरतात ते मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, “हा प्रश्न तसाच लिही.” म्हणून लिहिला आहे.

आता तुमच्यासाठी गणित. भरवीर ते इगतपुरी टप्पा २५ किलोमीटर आहे. सगळीकडे रुंदी १२० मीटर धरली आणि एका किलोमीटरला ३० एकर धरले, तर किती एकर जमीन लागेल? आणि २० गुंठ्यांचे एक खाचर असेल, तर त्यात अशी किती खाचरे बसतील? (४० गुंठे = १ एकर.) उत्तर खाली लटकवलेल्या वहीत नावासह लिहा. पालकांनीही लिहावे. आमच्या आबांनी ते तोंडी सोडवले आहे, त्यांना विचारू नये.

(इयत्ता ४ थी)