परमेश्वराचा कोप आणि उत्तंकाचा प्रश्न



निरूपणाच्या प्रसंगी उपदेशी मंडळींकडून एक शंका वारंवार विचारली जाते. परमेश्वर जर कृपाळू आहे, तर श्रीकृष्ण महाराजांनी कंस-शिशुपालादिकांचा वध का केला? आणि दुष्ट माणसे निरपराध जीवांना छळतात तेव्हा तोच कृपाळू परमेश्वर स्वस्थ का राहतो? वरवर पाहता या शंका दोन आहेत, परंतु त्यांचे मूळ एकच. पहिलीत परमेश्वर कोपला म्हणून तक्रार आहे. दुसरीत तो कोपला नाही म्हणून. दोहींतही परमेश्वराच्या कोपाचे माप आपण आपल्या कोपावरून घेतो.

जे मत एका परमेश्वरापासूनच सर्व जीव-जगताची उत्पत्ती मानते, त्याला ही शंका फार जड जाते. कारण मग दुष्टाचे दुष्टपणही फिरून त्या मूळ वस्तूच्याच पदरी येऊन पडते. आपल्या शास्त्रात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी व परस्परांहून भिन्न मानले आहेत. जीव परमेश्वराने घडविलेला नाही. त्याची अविद्याही परमेश्वराने त्याला लावलेली नाही. कर्म जीव करतो, आणि त्या कर्माची सुखदुःखरूप फळे देवतांच्या द्वारे भोगतो. परमेश्वराचा व्यापार जीवाच्या उद्धरणाचा आहे. दुष्टपणाचा उगम त्याच्या ठायी शोधणे हे मुळातच चुकीच्या घरी जाऊन हाक मारण्यासारखे होय. इतके सांगितले की पुष्कळांचे समाधान होते. पण चिकित्सक श्रोता येथे थांबत नाही. तो म्हणतो, ‘त्याने दुष्टपण निर्माण केले नाही हे मान्य. पण त्याला ते थांबविता येत होते ना?’

ही शंका नवी नाही. खुद्द श्रीकृष्ण महाराजांच्या समोर ती विचारली गेली आहे, आणि तीही शापाची धमकी देऊन. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात हा प्रसंग आहे. युद्ध संपल्यावर महाराज हस्तिनापुराहून द्वारकेस निघाले असता वाटेत मरुभूमीत उत्तंक नावाचे ऋषी भेटले. त्यांना युद्धाची वार्ता नव्हती. कौरव-पांडवांचा समेट घडवून आणलात ना, असे त्यांनी मोठ्या आपुलकीने विचारले. सर्व संपले हे कळताच ते संतापले. समर्थ असूनही आपण कौरवांना वाचविले नाही, बळाने आवरले नाही, उपेक्षा केली. म्हणून मी शाप देतो, असे ते म्हणाले.

आता महाराजांचे वर्तन पाहावे. त्यांना कोप आला नाही. अल्प तपाच्या बळावर माझा पराभव करता येणार नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितले, पण लगेच दुसरेही सांगितले. ते असे की, तुम्ही बाळपणापासून ब्रह्मचर्य पाळले, गुरूंना संतुष्ट केले. ते कष्टाने जोडलेले तप शापापायी वाया जावे अशी माझी इच्छा नाही, तेव्हा आधी ऐकून घ्या. ज्याच्यावर शाप उगारला आहे तोच शाप देणाऱ्याच्या हानीची चिंता वाहतो आहे. परमेश्वराचे मायाळूपण कशास म्हणावे याचे उदाहरण शोधण्यास फार दूर जावयास नको.

पुढे महाराज जे सांगतात ते प्रस्तुत विषयाचे मर्म आहे. ज्या योनीत मी वावरतो त्या योनीस अनुसरून वर्ततो. मनुष्यवेषात होतो म्हणून मी कौरवांपुढे दीनपणे याचना केली. ती ऐकली नाही तेव्हा क्रोध दाखवून त्यांना भयही घातले. तरीही ते अधर्मालाच धरून राहिले. वाचकांनी येथे क्रोधाचे स्थान नीट लक्षात घ्यावे. तो याचनेच्या नंतर आला आहे, आणि याचनेचाच हेतू पुढे चालविण्यासाठी आला आहे. आपला क्रोध अपमानातून निघतो व समोरच्याची हानी इच्छितो. हा क्रोध समोरच्याची हानी टळावी म्हणून धारण केलेला आहे. (यानंतर महाराजांनी उत्तंकास जे रूप दाखविले त्यास महाभारतकार वैष्णव म्हणतात, त्याची चर्चा येथे करीत नाही.)

मग बळाने का आवरले नाही? उत्तर यातच आले. हात धरून शस्त्र काढून घेता येते, वृत्ती काढून घेता येत नाही. दुर्योधनाला बांधून ठेविले असते तरी तो बांधलेला दुर्योधनच राहिला असता. ज्ञान कोणाच्या ठायी बळाने घालता येत नाही. जीवाने वळले पाहिजे.

शिशुपालाविषयी थोडक्यात सांगतो. आत्याला दिलेल्या वचनाप्रमाणे शंभर अपराध सोसल्यावर राजसूयाच्या सभेत त्याचा वध झाला. भास्करभट्ट बोरीकरांनी या प्रसंगावर स्वतंत्र काव्यच रचले. लोकांना चक्र आठवते, शंभराचा आकडा आठवत नाही. श्रीगोविंदप्रभूंच्या तोंडची रागाची वाक्ये ऐकूनही रिद्धपूरचे लोक त्यांनाच आई व बाप म्हणत, हेही येथे स्मरावे.

आता एक गोष्ट जरा कठोरपणे लिहावी लागत आहे. कर्मफळाचा सिद्धांत खरा असला तरी तो उच्चारण्याचे स्थळ असते. एखाद्या घरी तरुण मुलगा गेला, की सांत्वनाला आलेल्यांपैकी कोणी म्हणतो ‘देव कोपला’, आणि आपल्यापैकी कोणी शास्त्र जाणणारा म्हणतो ‘पूर्वकर्म!’ पहिला परमेश्वरावर आळ घेतो; दुसरा त्या दुःखी आईवर. माझ्या मते दुसरा अधिक दोषी आहे, कारण त्याच्या हाती शास्त्र आहे. कर्मविचार स्वतःच्या दुःखाकडे पाहण्यासाठी दिला आहे, दुसऱ्याच्या दुःखापासून दूर उभे राहण्यासाठी दिलेला नाही. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींची सशाची लीळा सर्वांना ठाऊक आहे. पारध करणाऱ्यांच्या पुढून पळत आलेला ससा स्वामींच्या मांडीखाली शिरला. त्या सशाचेही काही पूर्वकर्म असेलच. परंतु स्वामींनी ते काढले नाही. शरण आला म्हणून राखला. आणि पाठलाग करणाऱ्यांवरही ते कोपले नाहीत. त्यांना हिंसेपासून परावृत्त केले. छळणारा आणि छळला जाणारा, दोघेही त्या एका लीळेत सांभाळले गेले आहेत.

उत्तंकाची कथा मात्र येथे संपत नाही. महाराजांनी त्यांना वर दिला की पाण्याची इच्छा होईल तेव्हा माझे स्मरण करावे. पुढे मरुभूमीत तहानेने व्याकूळ होऊन उत्तंकांनी स्मरण केले, तेव्हा कुत्र्यांनी वेढलेला, मळाने माखलेला एक नग्न मातंग समोर आला आणि पाणी घ्या म्हणून आग्रह करू लागला. ते पाणी अमंगळ दिसत होते. उत्तंक रागावले, नको म्हणाले. मातंग अंतर्धान पावला. मागाहून महाराज आले तेव्हा ब्राह्मणाला असे पाणी पाठविणे उचित नव्हे, अशी उत्तंकांनी पुन्हा तक्रारच केली. तेव्हा कळले की तो इंद्र होता आणि महाराजांच्या सांगण्यावरून अमृत घेऊन आला होता. इंद्राने अट मात्र घातली होती की मातंगाच्या रूपाने जाईन, आणि नाकारले तर देणार नाही. परमेश्वराने थांबविले का नाही म्हणून जो शाप द्यावयास निघाला होता, त्याने परमेश्वराने धाडलेले स्वतःच परत पाठविले. तरीही महाराज त्याच्यावर उदास झाले नाहीत. यापुढे तुम्हाला पाण्याची इच्छा होईल त्या दिवशी येथे मेघ येतील, असे त्यांनी सांगितले. आणि त्या मरुभूमीत अवचित बरसणाऱ्या ढगांना उत्तंकमेघ हे नाव पडले.