पेठचा वर्ग आणि प्रेषितांची अध्यापनरीती

डी.एड. आणि बी.एड.च्या अभ्यासक्रमात अध्ययनाचे व नेतृत्वाचे सिद्धान्त शिकविले जातात. परीक्षा संपली की ते बहुधा वहीतच राहतात. आपल्या समाजातील अनेक तरुण-तरुणी आज जिल्हा परिषदेच्या शाळांत, आश्रमशाळांत आणि मकतबांत अध्यापन करीत आहेत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्याला शिक्षक म्हणून पाठविण्यात आले आहे, असे सांगितल्याचे हदीसमध्ये आले आहे. तेव्हा हा पेशा आपल्यासाठी केवळ उपजीविकेचा विषय राहत नाही. प्रश्न एवढाच की, सिद्धान्ताने वर्गात नेमके काय बदलते?

नाशिकच्या वायव्येस, गुजरातच्या सीमेला लागून पेठ तालुका आहे. एके काळी हे छोटे संस्थान होते. तेथील बेगमेच्या निधनानंतर, १८७८ मध्ये, ते इंग्रजी मुलखात विलीन झाले. आज येथील बहुसंख्य मुले कोकणा, महादेव कोळी अशा आदिवासी कुटुंबांतील आहेत. पुस्तकात ‘नाचणी’ असते, मुलाच्या घरी ‘नागली’. धडा वाचून मूल गप्प बसते आणि शिक्षक समजतो, याला काही येत नाही. ज्या मुस्लिम घरांत दक्खिनी वा उर्दू बोलली जाते, तेथील मूल मराठी शाळेत पहिल्या दिवशी याच कोंडीत सापडते, हे आपण विसरू नये.

लेव वायगॉट्स्की (मृत्यू १९३४) या रशियन मानसशास्त्रज्ञाने सांगितले की, मूल एकट्याने जे करू शकते आणि जाणत्याच्या मदतीने जे करू शकते, यांच्यामधील अंतरातच खरे शिक्षण घडते. म्हणजे शिक्षकाने प्रथम मूल कोठे उभे आहे ते शोधावयाचे. नागली ठाऊक असलेल्या मुलाला नाचणीपर्यंत नेणे सोपे आहे. त्याला नागली विसरावयास लावणे हा मात्र अन्याय आहे.

बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक प्रसंग आहे. एक माणूस मस्जिदीत आला, घाईघाईने नमाज अदा केली आणि प्रेषितांना (स.) सलाम केला. प्रेषितांनी सलामचे उत्तर दिले व त्याला परत जाऊन नमाज अदा करण्यास सांगितले, कारण त्याची नमाज झालीच नव्हती. असे तीन वेळा घडले. अखेर तो म्हणाला की, मला याहून चांगली येत नाही, आपण शिकवावे. मग प्रेषितांनी त्याला कियाम, रुकू, सजदा क्रमाने आणि शांतपणे समजावून सांगितले. उत्तर पहिल्याच वेळी देता आले असते. परंतु शिकण्याची गरज त्याच्या अंतःकरणात उत्पन्न होईपर्यंत वाट पाहण्यात आली. आमच्या वर्गांत प्रश्न उमटण्याआधीच उत्तर फळ्यावर लिहिलेले असते.

इब्ने खल्दून यांनी १३७७ मध्ये लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’त अध्यापनाचा क्रम सांगितला आहे: एकच विषय तीन फेऱ्यांत, प्रथम ढोबळ, मग विस्ताराने, शेवटी बारकाव्यांसह. कठोर शिक्षेने विद्यार्थी खोटे बोलावयास व ढोंग करावयास शिकतो, त्याची उमेद मरते, असेही त्यांचे निरीक्षण आहे. शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्ये शाळेतील शारीरिक शिक्षेस मनाई केली. काही मकतबांत छडी अजून कोपऱ्यात उभी आहे आणि तिला दीनी शिस्तीचे नाव दिले जाते. हे नाव तिला शोभत नाही.

नेतृत्वाविषयी अमेरिकन अभ्यासक जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी १९७८ मध्ये एक भेद मांडला: देवाणघेवाणीवर चालणारे नेतृत्व आणि माणसे बदलणारे नेतृत्व. या दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण हुदैबियात (इ.स. ६२८) दिसते. तह झाला होता, काबागृहाचे दर्शन न घेता परतावयाचे होते, सहाबा दुःखात बुडाले होते. प्रेषितांनी (स.) कुर्बानी करून केस उतरविण्यास तीनदा सांगितले, कोणी उठले नाही. आदरणीय उम्मे सलमा (रजि.) यांनी सल्ला दिला की, आपण कोणाशी न बोलता स्वतः कुर्बानी करावी व केस उतरवावेत. प्रेषितांनी तसे केले, आणि पाहता पाहता सर्वजण उठले. येथे दोन गोष्टी आहेत. आदेशाने जे झाले नाही ते कृतीने झाले. आणि नेत्याने पत्नीचा सल्ला मानला. मुख्याध्यापकांनी विशेषतः दुसरी गोष्ट ध्यानात घ्यावी. शाळेतील सर्वांत कनिष्ठ शिक्षिकेला वर्गाची नाडी अधिक कळत असू शकते.

पेठमध्ये हे नेतृत्व दिवाळीनंतर कसोटीला लागते. भाताची आणि नागलीची कापणी झाली की अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर मजुरीला जातात आणि मुलेही सोबत जातात. प्रत्येकजण आपल्या कळपाचा राखणदार असून त्याला त्याविषयी विचारले जाईल, या अर्थाची हदीस आपण जुम्याच्या खुत्ब्यात ऐकतो. हजेरीपटावरील तीस नावे हाच शिक्षकाचा कळप. गैरहजेरीची खूण करून तो सुटू शकतो. किंवा कापणीच्या आधीच पाड्यावर जाऊन, कोणते मूल आजीजवळ राहू शकेल, कोणाला हंगामी वसतिगृहाची गरज आहे, हे आई-बापाशी बोलून ठरवू शकतो. जे मूल जाणारच, त्याच्यासाठी शिक्षण हमी कार्ड असते. ते भरावयास थोडकाच वेळ लागतो. पण ते मूल दिंडोरीच्या शाळेत खरोखर बसले की नाही, हे कार्डावरून कळत नाही. त्यासाठी पेठच्या गुरुजींना तेथील गुरुजींना फोन करावा लागतो, आणि आठवड्याने पुन्हा एकदा.