जन्माला न आलेली वासरे

गाय माजावर आली. रेतन करून घेतले. एकवीस दिवसांनी ती पुन्हा माजावर आली. आपण म्हणतो, गाय उलटली. मग दोष कुणाला द्यायचा? कुणी डॉक्टरला देतो, कुणी चाऱ्याला, कुणी म्हणतो नजर लागली. पुष्कळदा कारण साधे असते. माज ओळखायला उशीर झालेला असतो, नाहीतर जनावर अशक्त असते. पण कधी कधी कारण वंशात असते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. असे एक कारण अमेरिकेत सापडले. ते शोधणाऱ्या माणसांची ही हकीकत आहे.

अमेरिकेत नेब्रास्का राज्यात १९६२ साली एक होल्स्टिन वळू जन्मला. त्याला चीफ म्हणत. आपल्याकडे ज्या काळ्या-पांढऱ्या गाईला एच. एफ. म्हणतात, तीच ही जात. चीफच्या लेकी दूध भरपूर देत. म्हणून त्याच्या वीर्याला फार मागणी आली. त्याला सोळा हजार लेकी झाल्या, आणि नाती पाच लाखांवर गेल्या. एवढा मोठा गोतावळा एका बापाचा! रेतनाच्या कांडीमुळेच हे झाले. तिच्यामुळे चांगला गुण गावोगाव पोचतो. पण खोटही त्याच वाटेने पोचते, हे विसरू नये.

प्रत्येक जिवाच्या पेशीत त्याच्या वंशाची पोथी असते. गाईच्या पोथीत सुमारे पावणेतीनशे कोटी अक्षरे आहेत. अक्षरांचे प्रकार मात्र चारच. पोथीच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एका प्रतीत चूक असली तरी दुसरीवर काम भागते. जनावर धडधाकट दिसते, दूधही देते. दोन्ही प्रतींत तीच चूक आली, तरच घात होतो.

ही पोथी वाचणे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. विद्यापीठात अशा कामासाठी एक गट असतो. प्राध्यापक प्रश्न ठरवतात आणि पैसा उभा करतात. हे दुसरे काम पहिल्यापेक्षा सोपे नसते म्हणे! कुणी गोठ्यात जाऊन रक्त किंवा मुळासकट केस घेऊन येतो. प्रयोगशाळेत त्यातून वंशद्रव्य वेगळे काढतात. हे काम करणारा माणूस दिवसभर थेंबाथेंबाने मोजत बसतो. एका नळीवर चुकीचा आकडा पडला तर एका गाईची पोथी दुसरीच्या नावावर चढते, आणि पुढचे सगळे गणित फुकट जाते. म्हणून त्याची चिकाटी आम्हांला प्राध्यापकांच्या बुद्धीइतकीच मोलाची वाटते. यंत्र अक्षरे वाचते. त्यांचा अर्थ लावायला संगणक आणि गणित जाणणारी माणसे लागतात. विद्यार्थी तर सगळीकडेच राबतात. आणि या सर्वांच्या आधी असतो शेतकरी. कोणती गाय कोणाची, दूध किती, कधी व्याली, हे त्याने वर्षानुवर्षे लिहून ठेवले नसते, तर गटाला काहीच करता आले नसते.

आता शोधाची गोष्ट. सरकारी पशुसंशोधन खात्यातल्या पॉल व्हॅनरेडन आणि त्यांच्या सोबत्यांनी पन्नास हजारांहून जास्त होल्स्टिन जनावरांच्या पोथ्या ताडून पाहिल्या. साऱ्या अक्षरांच्या नव्हेत, ठरावीक ठिकाणच्या. त्यांनी विचारले, पोथीतला असा कोणता तुकडा आहे, जो एका प्रतीत पुष्कळांकडे दिसतो, पण दोन्ही प्रतींत कुणाकडेच दिसत नाही? शाळेत आम्ही हजेरी घेत असू, तेव्हा गैरहजर कोण ते लगेच कळे, कारण पटावर नाव असे. इथे तर पटावर नावच नव्हते! हिशेबाने जी वासरे असायला हवी होती, ती जन्मलीच नव्हती. असे तुकडे सापडल्याचे त्यांनी २०११ साली जाहीर केले. त्यांतला एक थेट चीफपर्यंत पोचत होता.

पण तुकडा म्हणजे लांबलचक मजकूर. त्यात नेमकी चूक कुठली? हॅरिस लेविन यांचा गट इलिनॉय विद्यापीठात होता. पुढे लेविन कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात गेले. या गटाने आणि सरकारी संशोधकांनी मिळून चीफची आणि त्याच्या एका नामांकित मुलाची पोथी वाचली. एकच अक्षर बदललेले निघाले. त्या बदलाने वाक्याच्या निम्म्याआधीच पूर्णविराम पडत होता. ते वाक्य गर्भाच्या वाढीला लागणारे होते. ते अपुरे राहिले की गर्भ पोटातच मरतो.

हा निबंध २०१६ साली छापून आला. या एका अक्षरामुळे जगात सुमारे पाच लाख गर्भ गेले असावेत, असा त्यात अंदाज आहे. नुकसान सुमारे बेचाळीस कोटी डॉलरचे. म्हणून चीफला शिव्या द्यायच्या का? नाही. त्याच्या वंशाने वाढलेल्या दुधाचा फायदा या नुकसानीच्या कितीतरी पट आहे.

उपाय सोपा निघाला. चूक असलेला वळू आणि चूक असलेली गाय यांचे रेतन करायचे नाही. दोघांकडे चूक असली तर चारांत एक गर्भ जाण्याचा धोका. एकाकडेच असली तर गर्भाला काही होत नाही. त्यामुळे चांगले जनावर टाकून द्यावे लागत नाही, फक्त जोडी बदलावी लागते.

आपल्या देशी गाई-म्हशींच्या पोथ्या तपासायची साधनेही आता आपल्याकडे झाली आहेत. गौ चिप आणि महिष चिप ही त्यांची नावे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीमला त्यांचे उद्घाटन झाले. रेतनाच्या कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. गाईच्या कानातल्या बिल्ल्यावर बारा आकडे असतात. हे दोन्ही तारखेसह वहीत लिहून ठेवले, तर कालवड मोठी झाल्यावर तिचा बाप कोण ते सांगता येते, आणि त्याच वळूची कांडी तिला भरली जात नाही.