एक वचन नाही, अख्खं पत्र वाचा

आजचे वाचन : यिर्मया २९:१-१४



यिर्मया २९:११ माहीत नाही असा आपल्यातला एखादा तरी असेल का? तुमच्यासाठी माझ्या योजना भल्याच्या आहेत, तुम्हाला आशेचं भविष्य देण्याच्या आहेत, अशा अर्थाचं ते वचन. स्टेटसला, वाढदिवसाच्या कार्डवर, लग्नपत्रिकेत, सगळीकडे दिसतं. काही वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली, तेव्हा मीही ते फोनच्या वॉलपेपरवर लावलं होतं. मनात पक्कं होतं की देवाने शब्द दिलाय, महिन्या-दोन महिन्यांत काहीतरी होईल.

झालं काहीच नाही. चौथ्या महिन्यात एका इंटरव्ह्यूच्या शेवटच्या राउंडनंतर नकाराचा मेल आला. मी विरार लोकलमध्ये होतो, गाडी भाईंदरची खाडी ओलांडत होती. तिथेच वॉलपेपर काढून टाकला. खरं सांगतो, त्या रात्री प्रार्थना केली नाही. राग आला होता. शब्द देऊन फिरवणाऱ्याशी काय बोलायचं?

दोन-तीन दिवसांनी आईच्या कपाटातलं ‘सुबोध बायबल’ हातात घेतलं. आपल्या वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केलेला हा अनुवाद २०१० साली प्रसिद्ध झाला आणि २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार त्याला मिळाला. ११ वे वचन खोटं कसं ठरलं, हे बघायला मी पान उघडलं होतं. पण या वेळी अध्याय पहिल्या ओळीपासून वाचला. आधी कधीच वाचला नव्हता!

तर हा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. इसवी सन पूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या राजाने यरुशलेममधल्या लोकांना बंदी करून नेलं. यिर्मया मागे यरुशलेममध्येच राहिला आणि तिथून त्याने त्यांना हे पत्र पाठवलं. त्याच्या आधीच्या, म्हणजे २८ व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. लोकांना हेच ऐकायचं होतं. यिर्मया मात्र लिहितो : घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, मुलंबाळं होऊ द्या. आणि १० व्या वचनात मुदत सांगतो, ७० वर्षं.

७० वर्षं! म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण बाबेलमध्येच मरणार होते. हे सांगून झाल्यावर मग ११ वे वचन येतं. मी मात्र ११ वे वचन यिर्मयाचं घेतलं होतं आणि मुदत हनन्याची लावली होती.

आणखी एक गोष्ट. मूळ हिब्रूत इथला ‘तुम्ही’ स्पष्टपणे अनेकवचनी आहे. मराठीत एकट्या माणसालाही आपण आदराने ‘तुम्ही’ म्हणतो, म्हणून वाचताना वाटतं की देव माझ्याशीच बोलतोय. पण वचन एका अख्ख्या समाजाला दिलेलं आहे. त्यात मी आहे, पण मी एकटा नाही.

आम्ही इंजिनिअर लोक कुठून तरी कोडची एक ओळ कॉपी करतो, आपल्या प्रोग्रॅममध्ये टाकतो आणि चाललं नाही की ओळ लिहिणाऱ्याला नावं ठेवतो. ती ओळ कशासाठी लिहिली होती, तिच्या वर-खाली काय होतं, हे बघतच नाही. वचनाचं मी तेच केलं होतं.

मग ७ वे वचन वाचलं. ज्या नगरात तुम्ही आहात त्याचं भलं बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, असं तिथे सांगितलंय. हे नगर शत्रूचं होतं, हे विसरू नका. फादर दिब्रिटोंचं आयुष्य आठवलं की हे वचन मला जास्त कळतं. ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन त्यांनी अनेक वर्षं केलं. हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत गावातल्या लोकांबरोबर उभे राहिले, तेही दहशतीच्या काळात. निवृत्तीच्या वयात, आजारपण असताना, जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद सांभाळलं. २५ जुलै २०२४ रोजी ते प्रभूकडे गेले. बायबल वाचणं आणि आपल्या गावाच्या विहिरी, झाडं, माणसं जपणं ही त्यांच्यासाठी दोन वेगळी कामं नव्हती, असं मला वाटतं.

विचार करून वाचणं म्हणजे श्रद्धा कमी होणं नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रकटीकरणावरच्या दस्तऐवजात हेच शिकवलं की देव माणसांच्या भाषेत बोलला. म्हणून लेखकाला काय सांगायचं होतं आणि त्याने कोणता साहित्यप्रकार वापरला, ते शोधा. प्रेषितांची कृत्ये ८ मध्येही इथिओपियाचा अधिकारी रथात बसून यशया वाचत असतो, आणि समजत नाही हे फिलिपकडे मोकळेपणाने कबूल करतो. त्या कबुलीनंतरच त्याला येशू भेटतो.

म्हणून आता मी रोज वाचताना तीन प्रश्न विचारतो :

१. हे कोणी, कोणाला आणि कधी सांगितलं?
२. याच्या आधी आणि नंतर काय आहे?
३. यात फक्त मला काय मिळणार हेच मी शोधतोय, की माझ्याकडून काय मागितलंय हेही बघतोय?

नोकरी मला पुढे सातव्या महिन्यात मिळाली, आधीपेक्षा कमी पगाराची. ११ व्या वचनामुळे मिळाली असं मी म्हणणार नाही. ते वचन त्याहून मोठं आहे. थांबावं लागलं तरी घर बांधा, मळा लावा, शेजाऱ्याचं भलं बघा, मी तुम्हाला विसरलेलो नाही, असं ते सांगतं. आज एखादा जण नोकरीची, लग्नाची, रिपोर्टची वाट बघत असेल, तर त्याला नुसतं ११ वे वचन फॉरवर्ड करू नका. त्याच्या घरी जा, चहा घ्या आणि पत्र पहिल्यापासून सोबत वाचा.

प्रार्थना : प्रभू, तुझं वचन माझ्या सोयीने कापून घेण्याची माझी सवय मोड. समजत नाही तिथे विचारण्याची नम्रता दे. आणि वाट बघण्याच्या दिवसांतही माझ्या गावाचं भलं करायला मला शिकव. आमेन.