वैद्य आणि ॲक्युपंक्चर : व्यवसायापूर्वी विचारात घ्यावयाचे काही

मीरा-भाईंदरमध्ये मानदुखी, कटिशूल व गृध्रसी यांचे रुग्ण सर्वांकडेच येतात. लोकलने चर्चगेटपर्यंत उभ्याने जाणाऱ्यांच्या शहरात त्याचे नवल नाही. अशा रुग्णांसाठी ॲक्युपंक्चर शिकावे काय, अशी पृच्छा तरुण वैद्य करतात. अवश्य शिकावे, मात्र स्वतंत्र शास्त्र म्हणून.

१९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. त्यांचे सहकारी डॉ. बिजॉय कुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये ही विद्या आत्मसात करून १९५९ मध्ये कोलकात्यास आणली. केंद्र शासनाने २००३ मध्ये तिला उपचारप्रकार म्हणून अनुमती दिली व २०१९ मध्ये उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राच्या २०१५ च्या ॲक्युपंक्चर अधिनियमात स्वतंत्र परिषद व स्वतंत्र नोंदवही आहे. आयुर्वेदाच्या नोंदणीवर ही नोंदणी गृहीत धरू नये.

‘हे बिंदू म्हणजे आपली मर्मेच’ असे शिबिरांतून सर्रास सांगितले जाते. हे मत ग्राह्य वाटत नाही. सुश्रुताने शारीरस्थानात १०७ मर्मे वर्णिली, ती प्रामुख्याने शस्त्रकर्मात कोठे जपावे हे कळावे म्हणून. सद्यःप्राणहर, वैकल्यकर, रुजाकर आदी पाच प्रकारही आघाताच्या परिणामांवरूनच पाडले आहेत. चिनी मार्गांवरील ३६१ बिंदू याउलट वेधनासाठीच सांगितलेले. मळमळीवर वापरला जाणारा बिंदू मनगटाच्या वळीपासून दोन अंगठ्यांच्या रुंदीइतका वर, दोन कंडरांमध्ये असतो. मणिबंध मर्म प्रत्यक्ष सांध्यावर. सान्निध्य म्हणजे ऐक्य नव्हे. सिरावेधाचा दाखलाही येथे लागू नाही, कारण तेथे रक्तमोक्षण हाच हेतू असतो.

रुग्णाच्या दृष्टीने खरा प्रश्न सुरक्षिततेचा. छातीवर वा खांद्याच्या माथ्यावर सुई खोल गेल्यास फुप्फुसाभोवती हवा साचून प्राणसंकट ओढवू शकते. सुईनंतर श्वास लागला वा छातीत कळ आली, तर रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या व गर्भावस्था यांविषयी आधीच विचारावे. हातापायांत बळ कमी होत असेल, तर सुई बाजूस ठेवून प्रथम निदान करवून घ्यावे.

सुई निर्जंतुक व एकदाच वापरावयाची असावी. औषधविक्रेत्या बंधूंनी सुट्या सुया विकू नयेत. वेष्टनाची मोहर व मुदत पाहूनच माल ठेवावा. वापरलेली सुई पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात टाकून जैववैद्यकीय कचऱ्याच्या गाडीकडेच द्यावी.